पुण्यात ५० लाखांत घर: 'पुढे येणारा' भाग ओळखायचा कसा?

भाडोत्री_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं: मी, बायको आणि दुसरीतली मुलगी. कर्वेनगरला भाड्याने राहतो. माझं ऑफिस खराडीत, बायको शिवाजीनगरजवळच्या शाळेत शिकवते. यंदा करार संपताना मालकांनी भाडं असं काही वाढवलं की आता स्वतःचंच बघू असं ठरलं. रजिस्ट्रेशनबिजिस्ट्रेशन सगळं धरून ५० लाख, त्यातले खिशातले १३. आई अधूनमधून राहायला असते म्हणून दोन बेडरूम हव्यात, लहान चालतील.

एवढ्यात मध्यवस्तीत काही मिळत नाही हे कळून चुकलंय. वाघोली, धायरी-नऱ्हे, मोशी-चऱ्होली, उंड्री-पिसोळी, रावेत-पुनावळे अशी नावं काढून ठेवली आहेत. गंमत म्हणजे सगळीकडचे एजंट एकच वाक्य बोलतात, "सर, दोन वर्षांत हा एरिया ओळखू येणार नाही." खरोखर वर येणारा भाग आणि नुसताच लांब असलेला भाग यांतला फरक बाहेरच्या माणसाने कसा ओळखायचा? आणि या पैशांत नवीन बुक करावं की रीसेल बघावं?

खवट_बोका

जिथे एजंटची ऑफिसं आधी येतात आणि ड्रेनेज नंतर, तो पुढे येणारा भाग. ड्रेनेज येईस्तोवर तो आपल्याला परवडेनासा झालेला असतो.

टँकरग्रस्त

वाघोलीत २०१६ पासून राहतोय, तेव्हा तिथलं बोलतो. आम्ही आलो तेव्हा ग्रामपंचायत होती. २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, त्यात वाघोलीही आली. पाट्या बदलल्या, घरपट्टीची बिलं बदलली. आमच्या सोसायटीच्या टाकीत पाणी मात्र अजून टँकरचंच पडतं.

हे ऐकायला किरकोळ वाटतं म्हणून जरा सविस्तर. उन्हाळ्यात पहाटे पाचपासून टँकर लागतात. वॉचमन गेटवर वहीत गाडीनंबर आणि वेळ लिहून ठेवतो, कारण पुरवठादाराच्या बिलातल्या फेऱ्या आणि आमच्या वहीतल्या फेऱ्या कधीच जुळत नाहीत. पाणी बोअरचं, जड. गीझरची कॉइल बघता बघता पांढरी होते, शॉवरच्या जाळीतली भोकं सुईने मोकळी करावी लागतात. बिल्डर मेंटेनन्सचा आकडा सांगतो त्यात टँकर धरलेला नसतो. तो वेगळा वाटून येतो आणि एप्रिल-मेमध्ये मेंटेनन्सच्या बरोबरीला येऊन बसतो.

म्हणून कुठल्याही सोसायटीत गेलात तर फ्लॅट नंतर बघा, आधी लिफ्टशेजारचा नोटीस बोर्ड वाचा. टँकरची वर्गणी, पाणी सोडायच्या वेळा, थकबाकीदारांची यादी, लिफ्टचं भांडण, सगळं तिथे लावलेलं असतं.

दुसरं, नगर रस्ता. खराडी नकाशावर हाकेच्या अंतरावर आहे. पण साइट व्हिजिटला रविवारी सकाळीच का बोलावतात याचा विचार करा. एखाद्या बुधवारी संध्याकाळी साडेसहाला ऑफिसातून थेट निघून वाघोली गाठून बघा, मग काय ते ठरवा.

मेट्रोमित्र

टँकरग्रस्त, तुमचा त्रास खरा आहे. पण हाच न्याय लावला असता तर बाणेरला आणि खराडीलाही कुणी घर घेतलं नसतं. तीही १९९७ साली महापालिकेत आलेली गावंच. सुरुवातीला जे गेले त्यांनी खड्डे आणि टँकर सोसले, आज तेच लोक मजेत आहेत.

रामवाडीपर्यंत मेट्रो मार्च २०२४ पासून धावतेय. रामवाडी ते वाघोली हा पुढचा टप्पा केंद्राने जून २०२५ मध्ये मंजूर केला. स्वारगेट-कात्रज भुयारी मार्ग ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झाला, पिंपरीहून निगडीकडे काम चालू आहे. मेट्रो सुरू झाल्यावर घर घ्यायला जाल तर मेट्रोचा भाव मोजावा लागेल. आज गैरसोय सोसायची तयारी असेल त्यालाच स्वस्तात मिळतं, हा साधा हिशोब आहे.

खवट_बोका

गैरसोय सोसतील हो. पण हप्ता आणि भाडं दोन्ही एकदम सोसायचं आहे का ते विचारा आधी.

नकाशेवाली

सिव्हिल इंजिनिअर आहे, बरीच वर्षं मंजुरीच्या फायली घेऊन फिरण्यात गेली. त्यामुळे थोडं लांबलचक लिहिते, चहा घेऊन बसा.

मेट्रोमित्र म्हणतात ते अर्धं पटतं. मेट्रोने भाव वाढतो, पण तो घोषणेच्या दिवशीच वाढतो. वाघोलीचा बिल्डर २०२५ च्या मंजुरीचा भाव तुमच्याकडून आजच घेणार. तुम्ही मेट्रोचे पैसे भरणार आणि वाट बघणार. हिंजवडी-शिवाजीनगर मार्गाची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली, काम प्रत्यक्षात २०२१ च्या अखेरीस सुरू झालं आणि त्यानंतर पूर्ण होण्याच्या तारखा पुढे पुढे सरकत राहिल्या. माण-मारुंजीला २०१८ साली मेट्रोच्या नावावर फ्लॅट घेतलेल्यांनी मधली सगळी वर्षं दुचाकीवर काढली. म्हणून माझं मत एवढंच की जे आज जमिनीवर आहे त्याचेच पैसे द्यावेत. उद्याचं आलं तर नशीब.

आता जमिनीवर काय बघायचं?

रस्ता. ब्रोशरमध्ये "२४ मीटर डीपी रोड" असं छापलेलं असतं. डीपी रस्ता म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, ही नकाशावरची रेघ असते आणि ती लोकांच्या खासगी जमिनींवरून जाते. ज्या जमीनमालकाला बांधकाम करायचंय तो आपल्या पुढची पट्टी देऊन टीडीआर किंवा एफएसआय (म्हणजे जास्तीचं बांधकाम करायचा हक्क) घेतो. शेजारच्याला विकायचंच नसेल, किंवा भावकीचा दावा चालू असेल, तर त्याची पट्टी तशीच राहते. त्यामुळे उंड्री-पिसोळीला, धायरीला, पुनावळ्याला हेच चित्र दिसतं: प्रत्येक प्रकल्पाच्या गेटसमोर रस्ता ऐसपैस आणि दोन प्रकल्पांच्या मधे बैलगाडीपुरता, तुटक्या दातांच्या कंगव्यासारखा. कात्रज-कोंढवा रस्त्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. ८४ मीटरचा आखला होता, भूसंपादन जमेना म्हणून ५० मीटरवर आणला, तरी रखडला. तेव्हा गेटसमोरचा रस्ता मोजू नका. गेटपासून मुख्य रस्त्यापर्यंत चालत जा आणि सगळ्यात अरुंद जागा कुठे आहे, तिथे कुणाची भिंत आहे ते बघा. टपरीवाल्याला विचारा, तो तीन पिढ्यांच्या भांडणासकट सांगेल.

आराखडा. इथे २०२१ च्या गावांची (वाघोली, नऱ्हे, किरकटवाडी, मांजरी, पिसोळी वगैरे) एक वेगळीच अडचण आहे. पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला होता, तो सरकारने २०२५ मध्ये रद्द केला. त्या प्रारूपावरचे रस्ते आणि बागा दाखवणारी ब्रोशरं अजून फिरताहेत. सेल्सवाल्याला सरळ विचारा की हा रस्ता कुठल्या मंजूर आराखड्यात आहे, आणि सर्व्हे नंबर टाकून झोन दाखला (जमीन कुठल्या वापरासाठी आहे त्याचा) मागवा. फी किरकोळ असते. मजा म्हणजे फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ ला महापालिकेत आली आणि २०२४ ला बाहेर पडून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. म्हणजे आपला भाग कुणाच्या हद्दीत आहे हेसुद्धा दहा वर्षं स्थिर राहील असं नाही.

पाणी. बांधकाम परवानगी आणि तिच्यासोबतची हमीपत्रं वाचा. कडेच्या गावांत बऱ्याच ठिकाणी अट असते की नळाचं पाणी मिळेपर्यंत पाण्याची सोय विकसकाने करायची. ताबा देऊन सोसायटी स्थापन झाली की ही जबाबदारी गुपचूप रहिवाशांच्या गळ्यात येते. करारनाम्यात याबद्दल काय लिहिलंय ते सहीच्या आधी बघा.

पूररेषा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाचा. नदीकाठचं सगळे बघतात, ओढा कुणी बघत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने काय केलं ते आठवा. ओढ्याला भिंत घालून वर बाग केलेली असेल तर तिच्या शेजारची बिल्डिंग मी घेणार नाही, कितीही स्वस्त असली तरी.

महारेराचं (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचं) राहिलं, पण बोटं दुखली. उद्या.

मोशीकरीण

नकाशेवाली ताई, साष्टांग. प्रिंट काढून ठेवतेय.

आमच्या पिंपरी-चिंचवडबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. इकडे रस्ते खरंच रुंद आहेत, पुण्यातून आलेला पाहुणा पहिलं तेच बोलतो. पाण्याचं म्हणाल तर शहरात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. पण येतं, आणि वेळेवर येतं. दिवसाआड नळ आणि रोज टँकर यात मला नळ परवडला.

मोशीत कचरा डेपो आहे. पावसाळ्यात वारा फिरला की रात्री खिडक्या लावाव्या लागतात. त्यामुळे डेपोपासून किती लांब आणि वारा कुठून वाहतो हे बघूनच बिल्डिंग निवडा. पुनावळ्यालाही डेपोचं आरक्षण होतं, त्यावरून २०२३ मध्ये रहिवाशांनी मोठं आंदोलन केलं. मुद्दा हा की आरक्षण नकाशावर आधीपासून असतं, घर घेताना कुणी बघत नाही.

आणि रेड झोन, म्हणजे लष्करी डेपोभोवतीचा बांधकामबंदीचा पट्टा! देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवती तळवडे, रुपीनगर, यमुनानगर, आणि इकडे दिघी-भोसरीचा काही भाग. तिथे घरं अर्ध्या भावात सापडतात, आणि ती तशी का सापडतात ते बँकेत गेल्यावर कळतं.

तुमचं ऑफिस खराडीत आहे तर मोशीपेक्षा चऱ्होली बघा. चऱ्होलीहून लोहगावमार्गे विमाननगर-खराडीला निघता येतं. तुमच्या मिसेसना मात्र शिवाजीनगर लांब पडेल. नाशिक फाट्यापर्यंत बस किंवा गाडी, तिथून मेट्रो. रोजचं दोनदा चढउतार करायचं आहे, ते त्यांना विचारून ठरवा, तुम्ही परस्पर ठरवू नका. 🙂

फाट्यावरचा

धायरी. जन्म इथलाच.

धायरी-नऱ्ह्यात ३० लाखांत टू बीएचके मिळतो असं कुणी सांगितलं तर खोटं नाही, मिळतो. दोन-तीन गुंठ्यांत चार मजले चढवलेली बिल्डिंग, प्रत्येक मजल्यावर दोन फ्लॅट, पार्किंगमध्ये किराणा दुकान. "सगळं क्लिअर आहे, ग्रामपंचायतीची परवानगी आहे" म्हणतात. असल्या बिल्डिंगला मंजूर नकाशा नसतो, भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) नसतं. मोठी बँक दारात उभी करत नाही, मग कुठली तरी फायनान्स कंपनी जास्त व्याजाने कर्ज देते. पुढे विकायला काढलं की गिऱ्हाइकालाही तीच कंपनी शोधावी लागते. घरपट्टीची पावती आणि लाइटबिल दाखवून "बघा अधिकृत आहे" म्हणतात. घरपट्टी तर अनधिकृत बांधकामालाही लावतात, उलट जास्तच लावतात.

सिंहगड रोडला पूल झाल्यापासून संध्याकाळ जरा सुसह्य झालीय, हे कबूल. पण खराडीला रोज जायचं असेल तर धायरीचं नाव काढू नका, शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जाताय तुम्ही. आणि नदीच्या अंगाचं घर दाखवलं तर २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी कुठवर होतं ते तिथल्या कुठल्याही वॉचमनला विचारा.

नकाशेवाली

फाट्यावरच्यांना अनुमोदन, आणि एक भर. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर रेरा नोंदणी लागत नाही. म्हणून "रेरा नंबर नाही" हे अशा छोट्या बिल्डिंगबाबत कायदेशीर असू शकतं. मंजूर नकाशा नसणं कधीच कायदेशीर नसतं. या दोन गोष्टी मुद्दाम एकात कालवतात.

आता महारेरा. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड बंधनकारक आहे, तो स्कॅन केला की प्रकल्पाचं पान उघडतं. तिथे लोक फक्त नंबर खरा आहे का बघतात. मी तीन गोष्टी बघते. पूर्णत्वाची मूळ तारीख आणि सुधारित तारीख यांत किती अंतर पडलंय. मंजूर मजले किती आणि प्रस्तावित किती: मंजुरी ११ मजल्यांची आणि तुम्हाला चौदावा विकताहेत, असं सर्रास होतं. आणि जमिनीवर कुणाचा बोजा किंवा दावा आहे का. त्याच बिल्डरचे जुने प्रकल्पही तिथेच सापडतात, त्यातल्या एखाद्यात जाऊन टँकरग्रस्तांचा नोटीस बोर्ड वाचा.

नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हा कायदाच आहे. "स्कीम आजच संपतेय, २० टक्के भरा" म्हणाले तर उठून या. दर नेहमी कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या क्षेत्रफळावर विचारा. सेलेबलच्या (जिने-लॉबी धरून फुगवलेल्या क्षेत्रफळाच्या) भाषेत बोलणाऱ्याला कॅल्क्युलेटर द्या.

मेट्रोमित्र

एवढं सगळं तपासत बसलं तर माणूस जन्मभर भाड्यानेच राहील.

खवट_बोका

राहू दे की. भाड्याचं घर आवडलं नाही तर सोडता येतं...

*(भाडं की स्वतःचं घर यावरचे पुढचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. इथे मूळ विषयावर बोलू. - संपादक)*

हप्तेबहाद्दर

बँकेत गृहकर्जाच्या टेबलवर उमेदीची वर्षं गेली. भाग कुठला का असेना, तुमचे १३ लाख कुठे जातात ते आधी बघू.

समजा नवीन फ्लॅट, करारनाम्याची किंमत ४४ लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे ३५.२० लाख. तुमचे ८.८० लाख. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळं धरून ७ टक्के, ३.०८ लाख. नोंदणी फी ३० हजार. जीएसटी १ टक्का, ४४ हजार. झाले १२.६२ लाख. मुद्रांक शुल्क कर्जात धरत नाहीत, हे सगळ्यांना शेवटच्या आठवड्यात कळतं. उरलेल्या ३८ हजारांत पंखे, ग्रील, वकील आणि सत्यनारायण.

जीएसटीत एक खड्डा आहे. पुण्यात कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तरच १ टक्का. किंमत ४५ च्या वर गेली की पूर्ण रकमेवर ५ टक्के. ४५ लाखांवर कर ४५ हजार, ४६ लाखांवर २ लाख ३० हजार! आणि ही किंमत धरताना पार्किंग, फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचा जादा आकार), क्लबहाऊस असे बिल्डर घेतो ते आकारही मोजले जातात. म्हणून ४४ च्या फ्लॅटवर "पार्किंगचे दोन लाख वेगळे" असं ऐकलं की सावध व्हा. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या किंवा रीसेल फ्लॅटला जीएसटी नाही.

खरेदी एकट्या स्त्रीच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत. नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर नाही. एकट्या बायकोच्या नावावर घेतलंत तर तुम्ही सहकर्जदार राहू शकता, पण मालक नसल्यामुळे जुन्या करप्रणालीतल्या व्याजाच्या वजावटीवर तुमचा हक्क राहणार नाही. नव्या प्रणालीत असाल तर स्वतः राहण्याच्या घरावर ती वजावट तशीही मिळत नाही, मग सवलत घ्या.

हप्ता: साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं धरली तर लाखाला साधारण ८६८ रुपये. ३५ लाखांना ३०,४०० च्या आसपास. बांधकाम चालू असलेल्या घरात ताबा मिळेपर्यंत जसजसं कर्ज उचलाल तसतसं व्याज, आणि वर भाडं. माझ्या टेबलवर लोकांची गाडी तिथेच अडायची.

इतर कुणी वाचत असेल तर: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मधलं व्याज अनुदान बघा, १.८० लाखांपर्यंत मिळतं. म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीतही ९ लाखांपर्यंत अल्प आणि १२ लाखांपर्यंत मध्यम उत्पन्न गट धरतात. त्यात खासगी प्रकल्पांमधली २० टक्के योजनेतली घरंही असतात. लागली तर चांगल्या भागात घर मिळतं. नाही लागली तर अनामत परत.

भाडोत्री_कर्वेनगर

एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. बुधवारच्या संध्याकाळचा प्रयोग केला. वाघोलीबद्दल बायकोने घरी पोचायच्या आतच निकाल दिला.

तरी दोन पर्याय समोर आहेत.

अ) वाघोलीत नवीन, ४४ लाख, ताबा दोन वर्षांनी (त्यांच्या म्हणण्यानुसार). स्विमिंग पूल, क्लबहाऊस, सगळं.

ब) धानोरीत रीसेल. बारा वर्षं जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट आहे, साडेपाचशे चौरस फूट कार्पेट. ४८ मागताहेत, ४६ ला येतील असं वाटतं. दिसायला अगदी साधं. स्वयंपाकघरातला ओटा बदलावा लागेल. आईला पहिल्या भेटीत आवडलं, तिथे समोरच भाजीवाला बसतो म्हणून.

टँकरग्रस्त

टँकरने स्विमिंग पूल भरताना बघायचा असेल तर अ.

माझा मेव्हणा धानोरीत असतो. पोरवाल रोडची कोंडी भयंकर आहे, ती धरूनच चाला. हवाई तळ जवळ असल्याने सुखोई उडतात तेव्हा फोनवरचं बोलणं थांबवावं लागतं, खिडकीच्या काचा थरथरतात. महिनाभरात सवय होते म्हणतो, बायको त्याची अजून नाही म्हणते. पण नळाला पाणी आहे.

नकाशेवाली

धानोरी जुन्या हद्दीत आहे, आणि २०२१ च्या सुरुवातीला भामा आसखेड धरणाचं पाणी त्या पट्ट्यात आलं. 'पुढे येणारा भाग' हा प्रश्न होता ना? पाणी आलं, बस आहे, शाळा आहेत, खराडी आणि येरवडा मेट्रो स्टेशन दोन्हीकडे जाता येतं. ब्रोशर कुणी छापत नाही म्हणून तो चर्चेत नाही, एवढंच.

ब साठी काय तपासायचं ते सांगते. भोगवटा पत्र स्वतः बघा, झेरॉक्सवर शिक्का नीट दिसतोय का तेही. सोसायटीच्या नावाने अभिहस्तांतरण झालंय का? नसेल तर जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे, आणि पुढे पुनर्विकासाच्या वेळी अडणार. बारा वर्षांच्या बिल्डिंगला पुनर्विकास लांब आहे, शिवाय हवाई तळामुळे तिथे उंचीवर मर्यादा असते. तेव्हा "उद्या टॉवर होईल" हे गणित मनातच आणू नका. पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करारनामे साखळीने हवेत, मधला एक जरी हरवला असेल तरी बँक अडवते. सेक्रेटरींकडून थकबाकी नसल्याचं पत्र आणि सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या पैशांत) किती शिल्लक आहे ते विचारा. आणि जोराचा पाऊस पडून गेल्यावर तासाभरात पार्किंग बघून या. त्या भागातल्या काही गल्ल्यांत पाणी तुंबतं, काहींत नाही.

मेट्रोमित्र

ब मध्ये भाववाढ कमी मिळेल, हे लिहून ठेवा.

मोशीकरीण

त्यांना राहायचंय हो, विकायचं नाहीये.

मेट्रोमित्र

प्रत्येक जण असंच म्हणतो, मुलगी दहावीला गेली की तीन बेडरूम हवे होतात. तेव्हा हेच विकून पुढचं घ्यायचं असतं. असो. टँकरच्या मुद्द्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

हप्तेबहाद्दर

ब चा हिशोब. ४६ ला ठरलं तर कर्ज ३६.८० पर्यंत, तुमचे ९.२०. एकट्या वहिनींच्या नावावर मुद्रांक शुल्क ६ टक्के, २.७६. नोंदणी ३० हजार. जीएसटी शून्य. झाले १२.२६ लाख. एजंटने १ टक्का घेतला तरी ४६ हजार. १३ त बसतं, ओटाही निघेल. ४८ वर अडून बसले तर याच हिशोबाने एजंटसकट १३.२६ लाख होतात, म्हणजे बजेट फाटलं. आणि ताबा लगेच, म्हणजे दुहेरी खर्च नाही. आधी बँकेकडून मूल्यांकन करून घ्या. बँकेने किंमत कमी धरली तर ८० टक्के त्या कमी किमतीवर मिळतात आणि खिशातले वाढतात.

ताबा घेतल्यावर घरपट्टी तुमच्या नावावर करताना स्वतः राहत असल्याचा पीटी-३ अर्ज भरा, ४० टक्के सवलत त्याच्यावर अवलंबून आहे. आधीच्या मालकांनी फ्लॅट भाड्याने दिला असेल तर बिल बिनसवलतीचं येत असणार.

भाडोत्री_कर्वेनगर

सेक्रेटरी भेटले. अभिहस्तांतरण झालंय, कागद दाखवले. नोटीस बोर्डावर गच्चीत पापड वाळत घालण्यावरून तंबी होती, टँकरबद्दल काही नव्हतं. मालक मात्र या रविवारी एक लाख टोकन रोख द्या म्हणताहेत, आणखी एक पार्टी बघून गेली आहे म्हणे.

खवट_बोका

ती आणखी एक पार्टी प्रत्येक फ्लॅट बघून जाते. मी तिला पंधरा वर्षं शोधतोय.

हप्तेबहाद्दर

रोख अजिबात नको. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणंच आयकर कायद्यात बसत नाही, घेणाऱ्याला, म्हणजे मालकांना, तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो हे त्यांना गोड शब्दांत सांगा. चेक द्या किंवा बँकेतून वळवा, आणि साध्या कागदावर का होईना पावती घ्या: ठरलेली किंमत, फ्लॅट नंबर, करारनाम्याची मुदत, आणि "कागदपत्रांतील दोषामुळे अथवा बँकेने कर्ज नाकारल्यास टोकन पूर्ण परत" हे वाक्य. एका लाखाऐवजी पंचवीस हजार देऊन बघा. खरंच विकायचं असेल तर घेतील. मूळ कागद त्यांच्या चालू कर्जासाठी बँकेत तारण असतील तर तेही आत्ताच विचारा, कारण मग पहिला चेक त्यांच्या बँकेच्या नावाने निघतो आणि वेळापत्रक बदलतं.

भाडोत्री_कर्वेनगर

विचारलं. त्यांचं नऊ लाखांचं कर्ज बाकी आहे. हे त्यांनी आजपर्यंत सांगितलं नव्हतं!

हप्तेबहाद्दर

घाबरू नका, रोजचं आहे हे. त्यांच्या बँकेकडून थकीत रकमेचं पत्र आणि तिथे ठेवलेल्या कागदांची यादी मागा. तुमची बँक तेवढी रक्कम थेट त्या बँकेला देते, मूळ कागद बँकेकडून बँकेकडे जातात, उरलेली मालकांना मिळते. फक्त पावतीत करारनाम्याची मुदत तीस दिवसांऐवजी साठ लिहा.